मावशी आणि फोटोतली आई

आलापल्लीच्या पुढे, सागाच्या रोपवाटिकेला लागून, मिशनचं मुलींचं वसतिगृह आहे. तिथल्या स्वयंपाकघरात प्रेमिला गेली एकवीस वर्षं आहे. माहेर नागभीडकडचं, ढिवराचं घर. तळ्यातली मासळी बाजारात विकत ती वाढली. नवरा लवकर गेला, मूलबाळ झालं नाही, आणि दिराच्या दारात राहण्यापेक्षा कुणाच्याही चुलीपाशी राहिलेलं बरं म्हणून ती इकडे आली. मुली तिला मावशी म्हणतात. हाताला चव आहे, तोंडाला धार आहे, आणि मनाला एक खोड आहे, जी ती स्वतःच सांगते. आपलं म्हटलेलं माणूस दुसऱ्याकडे पाहून हसलं की तिच्या पोटात दुखतं.

दिव्यानी आली ती एका मार्च महिन्यात, आठ वर्षांची. आई नव्हती, बाप कामाला म्हणून गेला तो परतला नव्हता. एका मुकादमाने गावातल्या बायांसोबत तिलाही नदीपलीकडे तेलंगणात मिरची तोडायला नेलं होतं. तिथून सोडवून आणली तेव्हा बोटांची सालं निघालेली, आणि ती कुणाशी अक्षर बोलत नव्हती. प्रेमिलाने तिला दिवसभर आपल्याजवळ बसवून घेतलं. सकाळ-संध्याकाळ हाताला मोहाचं तेल लावायची आणि आपल्या हाताने भरवायची, कारण भाजीतलं मीठ बोटांना झोंबायचं. पाचव्या आठवड्यात पोरगी पहिल्यांदा बोलली.

"मावशी, भातात खडा आहे."

प्रेमिलाने त्या दिवशी सगळ्या मुलींना गूळ वाटला.

वसतिगृह चालायचं परदेशातल्या ख्रिस्ती लोकांच्या मदतीवर. प्रत्येक मुलीमागे तिकडचं एक माणूस असे. ते पत्र पाठवी, मुलगी उत्तर लिही, आणि वसतिगृह सांभाळणाऱ्या सिस्टर दोन्हीकडचं भाषांतर करून देत. दिव्यानीच्या वाट्याला नॉर्वेची मार्गिट आली. पांढरे केस, निळं स्वेटर, मागे बर्फ. तिचा फोटो दिव्यानीने पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला. पेटी उघडली की मार्गिट हसायची आणि प्रेमिलाचं डोकं फिरायचं.

पहिली दोन वर्षं तिने तोंड आवरलं. मग एकदा भाजी निवडताना दिव्यानीची वही तिच्या हाताला लागली. वर लिहिलं होतं, 'प्रिय मार्गिट आई.' प्रेमिला सातवी शिकलेली. तेवढं वाचता येत होतं. इतकं करून आपण मावशी, आणि फोटोतली बाई आई. तिने वही मिटून जागेवर ठेवली, पण मन मिटलं नाही. संध्याकाळी दिव्यानी नवीन पत्राचं काही सांगायला आली, तेव्हा तिने विचारलंच.

"तुह्या हाताले तेल त्या बाईनं लावलं होतं काय?"

दिव्यानीला काही कळलं नाही. ती तशीच निघून गेली. त्यानंतर तिने मावशीला पत्रातलं सांगणंच सोडलं. हे प्रेमिलाला आणखी लागलं.

दिव्यानी तेरा वर्षांची असताना, डिसेंबरात, सिस्टर नागपूरला गेल्या होत्या. पोस्टमन आला आणि परदेशी तिकिटाचं, दिव्यानीच्या नावाचं पाकीट प्रेमिलाच्या हाती देऊन गेला. तिने ते मसाल्याच्या डब्यामागे सरकवलं. सिस्टर आल्या की देऊ, असं स्वतःला सांगितलं. सिस्टर आल्या, तिने दिलं नाही. जानेवारीत दुसरंही तिच्याच हाती आलं, तेही तिथेच गेलं.

दिव्यानी पोस्टमनच्या वेळेला फाटकापाशी जाऊन उभी राहू लागली. पुढेपुढे तेही बंद केलं. तिचं बोलणं आटलं, अगदी आली होती तेव्हासारखं. प्रेमिलाला वाटलं होतं, तिकडून तुटली की पोरगी आपल्याकडे वळेल. ती कुणाकडेच वळली नाही. रोज समोर बसून मुकाट जेवायची, ताट घासून ठेवायची, जायची. प्रेमिला मनात म्हणायची, उद्या देते. उद्या आला की हात डब्यापर्यंत जाऊन परत यायचा.

फेब्रुवारीत एका सकाळी दारात गाडी थांबली आणि फोटोतली बाई उतरली. काठी टेकत, उन्हाने लाल झालेली. नागपूरला चर्चच्या कुठल्या कार्यक्रमासाठी ती आली होती आणि एक दिवस काढून इथवर आली होती. दोन्ही पत्रांत तारीख कळवली होती म्हणे. उत्तर नाही, तरी आली. सिस्टर गोंधळल्या. त्यांना एकही पत्र मिळालं नव्हतं. आणि दिव्यानी तर कबड्डीच्या सामन्यांसाठी आदल्या दिवशीच चंद्रपूरला गेली होती.

मार्गिट व्हरांड्यात बसली. संध्याकाळपर्यंत नागपूरला परतायचं होतं. तिने पिशवीतून हाताने विणलेली पिवळी टोपी काढली आणि मांडीवर ठेवून ती नुसती सारखी करत राहिली. चहा घेऊन आलेल्या प्रेमिलाने ते पाहिलं. ती आत गेली, डब्यामागची पाकिटं काढली आणि सिस्टरांच्या हातात दिली.

"म्याच लपवली. आता रागवू नोका, टाइम नाई. गाडी चंद्रपूरवरूनच जाते, तिले पोरीपाशी न्या."

सिस्टरांनी पाकिटांवरच्या तारखा पाहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्हीपण बसा गाडीत. दिव्यानीला हे तुम्ही सांगायचं."

वाटेत मार्गिट प्रेमिलाला प्रश्न विचारत राहिली आणि सिस्टर मराठी करून सांगत होत्या. पोरीला काय आवडतं, झोपेत बोलते का, आली तेव्हा कशी होती. मग तिने एक वेगळंच विचारलं. पाच वर्षांत दिव्यानीने एकदाही चिडून काही लिहिलं नव्हतं, सगळं छान, सगळं आभार. तुमच्यावर ती कधी चिडते का?

"रोजच," प्रेमिला म्हणाली. "अन् रुसते. चार चार दिवस."

ते ऐकून मार्गिटने तोंड खिडकीकडे फिरवलं. ते तोंड फिरवणं प्रेमिलाने बरोबर ओळखलं. वहीतलं 'आई' वाचून तिचंही असंच झालं होतं.

चंद्रपूरच्या मैदानावर दिव्यानीने म्हातारीला पाहिलं आणि मातीने भरलेल्या अंगानेच धावत येऊन बिलगली. टोपी घातली, उन्हात घामाघूम झाली, काढली नाही. अर्धा तासच मिळाला. प्रेमिला लांब पाण्याच्या टाकीपाशी थांबली होती. पोटात दुखतच होतं. लपवून काय करायचं.

गाडी गेल्यावर तिने सगळं सांगितलं. दिव्यानी ऐकत राहिली आणि एवढंच म्हणाली, "मले वाटलं, ती मेली." त्यानंतर ती दीड महिना मावशीशी बोलली नाही, तिच्या हातचं वाढून घेतलं नाही. प्रेमिलाने मनधरणी केली नाही. भाजी करून ठेवायची आणि दुसऱ्या मुलीला वाढायला सांगून बाहेर जायची. दीड महिन्यानंतर, अंगात ताप असताना, दिव्यानी स्वतःच येऊन चुलीजवळ बसली.

आता दिव्यानी चंद्रपुरात नर्सिंगला आहे. मार्गिटची पत्रं तिकडेच जातात; म्हातारीचा हात कापतो, अक्षर वाचायला वेळ लागतो म्हणे. रविवारी मावशीला फोन येतो. त्यात हल्ली साक्षी नावाच्या मैत्रिणीचा विषय फार असतो. साक्षीने असं केलं, साक्षीची भाजी चांगली होते. प्रेमिलाने ही साक्षी अजून पाहिलेली नाही, पण ती तिला आवडत नाही.