साहेबाच्या डोळ्यातली बाहुली

अमेरिकेत लढाई जुंपली आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्या दिवसांत मी अकोल्यात एका गोऱ्या व्यापाऱ्याला मराठी शिकवत असे. तो मला पंतोजी म्हणे. बदल्यात तो मला इंग्रजी शिकवी, म्हणून मीही त्याचा 'प्युपिल', म्हणजे विद्यार्थी.

एके दुपारी त्यानं स्वतःच्या डोळ्यातल्या काळ्या ठिपक्याकडे बोट नेलं. "हाही प्युपिल."

मला उलगडा होईना. तो म्हणाला, शब्द लॅटिन भाषेतला, मुळात लहान मुलाचा. दुसऱ्याच्या आश्रयानं वाढणारं पोरकं मूल, त्यावरून विद्यार्थी. आणि समोरच्याच्या डोळ्यात आपलंच इवलंसं रूप दिसतं, म्हणून तिथली ती चिमुकली मुलगी, बाहुली.

"आम्हीही बाहुलीच म्हणतो!" मी म्हणालो. "आमच्या म्हाताऱ्या तर म्हणतात, ज्याच्या डोळ्यात बाहुली दिसेनाशी झाली तो फार दिवसांचा सोबती नाही."

हे बोलायला नको होतं. त्यानं दौतीचं झाकण लावलं आणि त्या दिवशी पुढे शिकलाच नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्याच्या वखारीत कापूस घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला तो जवळ ओढी, स्वतःच्या पापण्या बोटांनी ताणून विचारी, "बाहुली आहे?" माणसं हादरली. मूर्तिजापूरकडचा एक कास्तकार मला बाजूला घेऊन म्हणाला, "पंतोजी, थो साह्यब मानसाले डोयात ठिवून घेते म्हन्तेत. मी नाई येत आता इकडं."

गाड्या दुसऱ्या वखारींकडे वळल्या. भर हंगामात आमचं अंगण ओस पडलं. वाऱ्यानं कापसाचे पुंजके तेवढे फिरत.

त्याचं डोकं फिरलं, असंच मला वाटलं होतं. खरं म्हणजे त्याचे डोळे महिनाभर लाल होते, सारखे गळत होते. आरशात त्याला स्वतःचं तोंड दिसेनासं झालं होतं. ते त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं; मलाही नंतरच उमगलं.

शेवटी त्यानं मला बोलावलं. "पंतोजी, तुम्ही बघा."

मी वाकलो. दोन्ही डोळ्यांत फूल पडलं होतं, बुबुळं पांढरीधोप. माझी पगडी नाही, मागची उघडी खिडकी नाही, काही नाही. क्षणभर वाटलं, मीच त्या खोलीत नाही.

"दिसतो," मी म्हणालो. "अगदी स्पष्ट दिसतो."

माझं खोटं त्याला कळलं असावं. त्यानं चाचपत माझं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. आठवड्यानं त्याला बैलांच्या दमणीत निजवून मुंबईकडे नेलं. पुढे त्याचं काय झालं, ते मला कधीच कळलं नाही.