नवापूरच्या फाट्यावर आम्ही कोणाला वाट दिली?

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा टाकायला जाते. माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. मूळची मी साताऱ्याकडची. नवरा तारापूरला नोकरीला, म्हणून बोईसरला राहतो. मी बायकांना गाडी शिकवते. दिवसभर क्लच सोडा, आरसा बघा, इंडिकेटर द्या... यात अद्भुत बिद्भुत काही घुसायला फटच नाही. तरीही हे घडलं, आणि घडलं ते भर दुपारी.

भारतीताई माझ्याकडे शिकायला यायच्या. जवळच्याच, समुद्रकाठच्या नवापूरच्या. नवरा मासेमारीच्या बोटीवर. ताईंना छोटा टेम्पो घेऊन मासळी स्वतः बोईसरच्या बाजारात आणायची होती. हात झकास, पहिल्याच आठवड्यात गिअर असे टाकायला लागल्या की मी खूश! घोडं अडलं ते उलट्या त्रिकोणापाशी. लाल काठाची ती पांढरी पाटी — मोठ्या रस्त्यावरच्याला आधी जाऊ द्या, रस्ता मोकळा असेल तर न थांबता निघा. एवढा साधा नियम. पण ताईंचा हिशेब वेगळाच. समोरून सिमेंटच्या गोण्या भरलेला टेम्पो आला की त्या नम्रपणे उभ्या. आणि कारखान्याच्या शिफ्टची रिकामी बस भरधाव येत असताना बिनधास्त पुढे! माझ्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो, तो दाबला म्हणून आज लिहायला शिल्लक आहे.

“अहो ताई, बस दिसली नाही का?” मी ओरडलेच.

“दिसली ना. पन रिकामी होती,” त्या शांतपणे म्हणाल्या. “मॅडम, आमच्याकडं खाडीच्या तोंडाशी भरलेली बोट आदी आत घ्यायची. रिकामीनं थांबायचं. भरलेलीला कुठं पटकन वळता येतं?”

“इथे खाडी नाही, डांबर आहे,” मी म्हटलं. त्या हसल्या. सवय काही सुटली नाही.

मग त्यांच्या नवऱ्याची बोट परतली नाही. बरोबर गेलेल्या सगळ्या आल्या, हीच नाही. फोन लागेना. शोधायला दुसऱ्या बोटी गेल्या होत्या. मी ताईंना म्हटलं, क्लास राहू दे.

“नाय मॅडम, चला. घरात बसले की सगळ्या बाया माझ्याच तोंडाकडं बघतात.”

मला नाही म्हणवेना.

वाड्यांमधून येणारा लहान रस्ता नवापूरच्या मोठ्या रस्त्याला मिळतो, तिथे त्या त्रिकोणापाशी ताईंनी माझी पांढरी गाडी थांबवली. रस्ता दोन्ही बाजूंना रिकामा. कुत्रंसुद्धा नाही. उन्हात डांबर तळ्यासारखं चकाकत होतं, आणि लांबची सुरूची झाडं त्यात अर्धी बुडालेली दिसत होती.

“मोकळा आहे, निघा,” मी म्हटलं.

“थांबा. भरलेली येते.”

“कुठे?”

ताईंनी किल्ली फिरवून गाडी बंद केली... आणि मग मला ऐकू आलं. डुग-डुग-डुग. समुद्राच्या बाजूने, सावकाश. रस्त्यावर काहीच नव्हतं, शपथेवर सांगते. पण ओल्या जाळ्यांचा वास गाडीत भरला. बोनेटवरून एक लांबलचक गार सावली सरकत गेली, आणि आमची गाडी डोलायला लागली — पाळण्याला कोणी हलकेच झोका द्यावा तशी. भीती? अजिबात वाटली नाही. उलट डोळ्यांवर झापड आल्यासारखं झालं. ते कधी संपूच नये असं वाटत होतं. ताईंनी खिडकीतून हात बाहेर काढून हलकेच हलवला... पुढे व्हा, पुढे व्हा.

मग सगळं थांबलं. काचेवर पाण्याचे थेंब होते.

“गेली,” ताई म्हणाल्या. “जड होती. आता घरी जाऊ.”

परतताना गाडी त्याच चालवत होत्या, अगदी व्यवस्थित. मला मात्र हुंदका आवरेना. मला वाटलं, हा निरोप होता. नवरा गेला आणि बाईला ते कळलंय. त्यांच्या दारात मीही उतरले. ताईंनी आत जाऊन चूल पेटवली आणि भात टाकला. जमलेल्या बायका एकमेकींकडे बघत राहिल्या.

संध्याकाळी ताईंचा फोन आला. बोट सापडली होती! इंजिन बंद पडून भरकटली होती, दुसऱ्या गावच्या बोटीने ओढून आणली. सगळे सुखरूप. मी स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्याने रडले.

मग भेटायला गेले. ताईंचा नवरा खाटेवर पडून होता, चेहरा उन्हाने सोललेला. त्याने मला आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. बायको गाडी शिकते हेही त्याला ठाऊक नव्हतं. लायसन्स हातात आल्यावर सांगायचं असं ताईंनी ठरवलं होतं.

“दुपारी डोळा लागला,” तो म्हणाला. “बगतो तं आपल्या फाट्यावर पांडरी गाडी उबी. ही चालवाय बसलेली. मला हात करते, पुडं व्हा. डोळं उघडलं तं समोर बोट, आमच्याकडंच येत होती.”

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं.

“आनि मॅडम, तुमी बाजूला होत्या ना? पाय वर घेऊन बसलेल्या.”

हे मी वर लिहिलं नाही, लाज वाटली म्हणून. गाडी डोलायला लागली तेव्हा आत पाणी शिरतंय असं वाटून मी दोन्ही पाय उचलून सीटवर घेतले होते. शिकवणारीने ब्रेकवरून पाय काढून मांडी घालायची, हे कोणाला सांगणार? ताईंची नजर समोर होती. घरी मी अक्षरही बोलले नव्हते.

याचा अर्थ मला आजही लागलेला नाही. तुमच्यापैकी कोणाला लागला तर जरूर कळवा. त्या दिवशी मात्र मी त्या माणसाला एवढंच म्हटलं, “हो. मीच होते.”