फिर्यादीत बायको नको

त्या प्रकरणाची आठवण निघाली की आजही माझं डोकं तापतं. तेव्हा मी घाटातल्या जंगलपट्टीत, सुप्याच्या ठाण्यावर फौजदार होतो. दिग्गीकडच्या एका शेतकऱ्याला गावच्या चौघांनी घोंगडीच्या डोलीतून ठाण्यात आणलं. डोकं फुटलेलं. कॅसलरॉकला रेल्वेवर काम करणाऱ्या एका मजुरानं रानवाटेत काठीनं मारलं, अशी त्याची फिर्याद. चौघांची साक्षही तीच. मजुराला अटक करणं भाग होतं. तो कोठडीत सारखं सांगत होता, "साहेब, म्या त्या वाटंनं गेलोच न्हाई."

मुद्देमाल म्हणून त्या शेतकऱ्याचं मुंडासं ताब्यात घेतलं, तर रक्तानं कडक झालेल्या घड्यांत भाताचा कोंडा चिकटलेला. रानवाटेत कोंडा कुठला? सरळ त्याचं घर गाठलं. परसात उखळ होतं, शेजारी मुसळ, आणि धुऊनही त्यावरचा डाग गेला नव्हता. त्याची बायको समोर उभी राहिली. तिचा डावा हात मोडून वाकडा जुळला होता.

"व्हय, मीच मारलं," ती म्हणाली. "मागल्या साली ह्यो हात मोडला त्यानं. आवंदा दुसरा पिरगाळला, तवा मुसळ घातलं. मला न्या, त्या गरिबाला सोडा."

डोक्याला पट्टी बांधून पडवीत पडलेल्या नवऱ्याला विचारलं, "बायकोला मारतोस?"

"मारतो की. बाप्यानं न्हाई मारायचं तर कुनी?"

बैलांना वैरण घालतो म्हणावं, तसं सांगितलं. लपवायचं होतं ते फक्त मुसळ. पाटलानं मला बाजूला घेतलं. "साहेब, मजूर परमुलखातला हाय, बसंल थोडं दिस आत. पर बाप्यानं बायकोचा मार खाल्ला असं कागदावर आलं, तर गावानं तोंड कुठं दावायचं?"

मी मजुराला सोडलं. नवऱ्याला बजावलं, की बायकोवर फिर्याद द्यायची तर भर कोर्टात उभं राहून सांगावं लागेल. तो हात जोडून म्हणाला, "न्हाई साहेब, पडलो म्हनून लिवा." मी तिची जबानी जशीच्या तशी लिहिली, गावासमोर मोठ्यानं वाचली आणि त्याला दम भरला, की तिच्यावर पुन्हा हात उचललास तर हाच कागद घेऊन खोट्या फिर्यादीचा खटला भरीन. त्यानंतर त्यानं हात उगारल्याचं कानावर आलं नाही. कायद्याला तो भ्यालाच नव्हता, लोक हसतील याला भ्याला.

निघताना डोली आणणाऱ्या चौघांना विचारलं, "हिचा हात मोडला, तेव्हा डोली का नाही उचलली?"

त्यांतला एक खरोखरच गोंधळला. "तिला कशापायी साहेब? नवऱ्यानं तर मारलेलं."

चोर, दरोडेखोर मी पुष्कळ धरले. हा माणूस मात्र शेजाऱ्यासाठी सगळं रान तुडवत आला होता. खोट्या साक्षीला कलम होतं, पण या उत्तरासाठी त्याला कोणत्या कलमाखाली धरायचं, ते मला शेवटपर्यंत सापडलं नाही.