ढोलीचा तळ

चिचगडच्या पुढे, जंगलातल्या एका आरोग्य उपकेंद्रावर सौरवीज बसवायचं काम २००९ साली माझ्याकडे आलं. डिप्लोमा, कॅल्क्युलेटर आणि गोंदिया शहराचा तोरा असं सगळं सोबत घेऊन गेलो होतो. तिथे झाडलोट करणाऱ्या कलाबाईंनी तोरा तासाभरात उतरवला.

लशींचा फ्रिज, दिवे, पंखा, टीव्ही. काय किती तास चालणार ते सिस्टरबाईंना विचारून मी गुणाकार मांडला. दिवसाला बाराशे वॅट-तास. मंजुरीप्रमाणे बॅटरीत दोन दिवसांचा साठा. कलाबाईंनी झाडू थांबवला.

"बाबू, सूर्य किती दिवस नाई येईन, हे कोनाले विचारलं?"

"दोन दिवस धरलेत," मी म्हणालो.

त्या मला मागच्या भिंतीपाशी घेऊन गेल्या. भिंतभर कोळशाच्या रेघा. ज्या दिवशी बाळंतिणीच्या चादरी वाळल्या नाहीत त्या दिवसाची एक रेघ, ऊन पडलं की जागा मोकळी. ओली चादर दिसली की सिस्टरबाई रागवायच्या, म्हणून हा पुरावा. आठ पावसाळे त्या भिंतीवर होते आणि एका ठिकाणी सलग सात रेघा. मी त्या बोट लावून दोनदा मोजल्या. असा हिशेब माझ्या एकाही पुस्तकात नव्हता. मी थक्क झालो, आणि खरं सांगायचं तर शरमलोही.

"दोन दिवसाचं धान ढोलीत ठेवून कोनी पावसाळा काढते का?" त्या म्हणाल्या. ढोली म्हणजे तिकडची धान्याची कणगी. "आन् तळाले हात लावाचा नसते. बियानं असते थे."

बॅटरी तळापर्यंत रिकामी करू नये, हे शिकायला मला तीन वर्षं लागली होती.

"तुमाले येवढी काळजी काऊन?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

आदल्या वर्षी बर्फाच्या डब्यातल्या लशी तापल्या आणि फेकाव्या लागल्या. लेकरं काखेत घेऊन जंगलातून चालत आलेल्या बायांना परत पाठवायची पाळी कलाबाईंवर आली. "नंदाबाई तं म्हने, आता तुमच्या दारी नाई येत. अजून नाई आली."

बॅटरी वाढवायची मुभा मला नव्हती. तसं सांगितलं.

"मंग खानारे तोंडं कमी करा. टीव्ही काढा. पयले फ्रिज, मंग बाळंतिनीची खोली. पंख्याले काय, हात हायेत नं."

सिस्टरबाईंचं तोंड उतरलं. फ्रिज आणि त्या खोलीतला दिवा मिळून सहाशे. म्हणजे तोच साठा चार दिवस पुरणार, आणि ढगातूनही थोडी वीज येतेच, तिच्यावर उरलेले दिवस ढकलायचे. त्या दोघांची तार मी वेगळी काढली, बाकीच्यांना बटण लावलं आणि बटण कलाबाईंच्या हाती दिलं.

पुढच्या ऑगस्टात सलग सहा दिवस सूर्य दिसला नाही. सातव्या दिवशी लसीकरण होतं. त्या सकाळीच मी पोहोचलो. सिस्टरबाई पुठ्ठ्याने वारा घेत होत्या. फ्रिजचा काटा पाच अंशांवर होता; लशींना आठपर्यंत चालतं. मी मीटरपुढे वाकलो तेव्हा कलाबाई दारात उभ्या होत्या.

"तळ दिसला का, बाबू?"

"नाही दिसला."

त्या वऱ्हांड्याकडे वळल्या. तिथे बाया लेकरं घेऊन बसल्या होत्या.

"नंदाबाई," त्यांनी हाक दिली, "आन इकडे तुयं लेकरू."