बहिणीच्या पर्समधला अडकित्ता

मंगळवारी सकाळी अण्णा, माझे वडील, गेले. त्यांच्या खिशातला छोटा अडकित्ता त्यांनी आधीच माझ्या धाकट्या बहिणीला देऊन टाकला होता. इतकी वर्षं त्यांची सुपारी मी कातरली. तिला अडकित्ता नीट धरताही येत नाही.

तेराव्यानंतर तिला विमानतळावर सोडायला गेले. ती आत गेली आणि थोड्या वेळाने तिचा फोन आला.

“अक्का, तपासणीत पर्समधला अडकित्ता काढून ठेवलाय. सोबत नेता येणार नाही म्हणतात. बॅग तर मघाशीच आत गेली.”

“मी दारापाशीच आहे. बाहेर आणून दे,” मी घाईने म्हटलं.

“देते की! डोळा होताच तुझा त्याच्यावर. जरा थांब.”

मी थांबले. ती आली, पण विमान सोडून, बॅग परत घेऊन. माझ्यासमोरच फरशीवर बसून तिने अडकित्ता साडीच्या घडीत ठेवला आणि संध्याकाळचं तिकीट काढलं. तिचंही अण्णांवर माझ्याइतकंच प्रेम असावं, हे मला सहन होईना.

अडकित्ता आता नागपूरला तिच्या घरी आहे. माझ्याकडे अण्णांची सुपारीची डबी आहे.