बाबांच्या गाऱ्हाण्यातला चौथा

मी कुडाळला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. काचेखाली दिसलं तर आहे, नाही दिसलं तर नाही, असा माझा खाक्या. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी दुपारी डबा खाताना चवीने वाचते आणि लिहिणाऱ्यांना मनातल्या मनात येड्यात काढते. आज मीच लिहायला बसलेय... तुम्हीही काढा, माझी हरकत नाही.

मागच्या नाताळातली गोष्ट. आम्ही चौघं मिठबावचे शाळासोबती – मी, फिलोमिना म्हणजे फिलू, नितीन आणि दिगू. फिलू मालवणात शिक्षिका, नितीनचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान, दिगूची हापूसची बाग. फिलूची मावशी वांद्र्याला राहते. "नाताळात या, मुंबई दाखवते" हे तिचं आमंत्रण आम्ही कित्येक वर्षं पुढे ढकलत होतो. सगळ्यात जास्त हौस दिगूला. त्याने मुंबई पाहिलीच नव्हती. आणि बघायचं काय होतं, तर डबलडेकरच्या वरच्या मजल्यावरून रस्ता! सगळ्यात पुढची सीट मिळाली की झालं, बाकी मुंबई तुम्ही बघा, म्हणायचा.

निघायच्या दिवशी बाबांनी गाऱ्हाणं घातलं. बाहेरच्यांसाठी सांगते – आमच्याकडे कोणी लांब निघालं की देवापुढे नारळ ठेवून, नावं घेऊन, मोठ्याने विनवणी करतात. एकाने सांगायचं, बाकीच्यांनी होकार द्यायचा.

"बा देवा म्हाराजा! ही चार लेकरां – वर्षा, फिलू, नितीन, दिगंबर – आज मुंबयक जातत. तेंका सुखरूप ने आणि सुखरूप घराक हाड रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" फिलूसुद्धा खणखणीत म्हणाली. मी नुसते ओठ हलवले.

आणि पाठोपाठ दिगूचा फोन. मोहोरावर तुडतुडे पडले होते, त्याचे वडील अंथरुणावर, फवारणी टाकून येणं शक्य नव्हतं. आवाज अगदी पडलेला.

"काकानू, मगे तिघांचा नवीन घाला," नितीन म्हणाला.

"नाव घेवन नारळ ठेवलो," बाबा म्हणाले. "आता ता माघारी घेवक येणा नाय. परत इल्यार चौघांचोच म्हणान वाढवया."

आम्ही हसलो. दिगूचं रेल्वेचं तिकीट रद्द केलं, देवाकडचं तसंच राहिलं.

नाताळच्या सकाळी आम्ही दक्षिण मुंबईत डबलडेकरमध्ये चढलो. कंडक्टर म्हणाला, "चार ना?" मी म्हटलं तीन. वर पुढच्या सीटवर एका बाजूला मी आणि फिलू, दुसऱ्या बाजूला नितीन एकटा. एक बाई मुलीला घेऊन त्याच्या शेजारी बसायला आल्या, आणि "अय्या, सॉरी, कोणीतरी बसलंय" म्हणून मागे गेल्या. नितीन पोट सावरत म्हणाला, "मी एकटोच दोघांएवढो दिसतंय." आम्ही पोट धरून हसलो.

गेटवेला फोटोवाला म्हणाला, "चौथे साहेब, जरा आत सरका." फोटो हातात आला त्यात आम्ही तिघंच. पण माझ्या आणि नितीनच्या मध्ये एका माणसाची जागा मोकळी... आम्ही असे लांब का उभे राहिलो, मला आठवत नाही.

तोवर गंमतच वाटत होती. दुपारी मावशीकडे जेवायला बसणार, इतक्यात बाबांचा फोन.

"वर्षा, घाबरा नको गो... दिगूक जनावर चावला. नाग. सकाळी पंपाचो पाइप उचलूक गेलो, त्येच्यात होतो. शुद्धीत नाय. श्वास मशीनीर आसा."

नागाचं विष श्वासाचे स्नायू बंद पाडतं, हे मला पाठ आहे. त्या वेळी पाठ असलेलं काहीच कामाला आलं नाही. आमची गाडी रात्रीची, नाताळच्या गर्दीत दुसरी तिकिटं कुठली! ताटं तशीच राहिली. मावशी म्हणाली, चर्चमध्ये जाऊन तरी या.

खाली येऊन रिक्षाला हात केला. रिक्षावाल्याने आमच्याकडे बघून मान हलवली. "चार सवारी नहीं लूँगा, मॅडम. तीन ही बैठते हैं."

फिलू रडायला लागली. मला भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगते, मला आधी कुतूहल वाटलं. कोणालाही आकडा सांगायचा नाही, समोरचा काय म्हणतो ते बघायचं, असं मी ठरवलं. लॅबवाल्यांची खोड! चालतच गेलो. चर्चच्या दारात एक म्हाताऱ्या बाई येणाऱ्यांना केक वाटत होत्या. त्यांनी न विचारता आमच्या कागदी प्लेटमध्ये चार तुकडे ठेवले. चौथा नितीनने रुमालात बांधून खिशात ठेवला. विनोद केला नाही.

त्यानंतर मी आकड्यालाच धरून बसले. लोक चार म्हणतायत तोवर दिगू आहे, असं माझ्या डोक्याने घेतलं. विज्ञान वगैरे गेलं उडत.

संध्याकाळी बँडस्टँडला चहावाल्यापाशी थांबलो. सगळीकडे चांदण्यांचे कंदील, लाल टोप्या घातलेली पोरं. चहावाल्याने कप मांडले. तीन.

"चार द्या," मी म्हटलं.

"ताई, तुम्ही तिघंच तर आहात."

"नीट बघा ना!" मी ओरडलेच. तो बिचारा दचकला. मी कठड्यावर बसले. फिलू मोठ्याने प्रार्थना म्हणायला लागली. आणि फोन वाजला. बाबा. नितीनने माझ्या हातातून तो घेतला, कारण मी उचलत नव्हते.

"दिगून डोळे उघडल्यान रे," बाबा रडत होते. "आत्ताच. माका वळाखल्यान."

दुसऱ्या दिवशी आम्ही थेट हॉस्पिटलात गेलो. दिगूला धड बोलता येत नव्हतं. नितीनने रुमालातला केक उशाशी ठेवला. दिगू त्याच्याकडे बघून पुटपुटला, "सीट दोघांची असता रे नित्या... काठार बसान माझो पाय मेलो."

बसचं आम्ही कोणालाच सांगितलं नव्हतं. आता नितीनचं आकारमान अख्ख्या गावाला ठाऊक, दिगू अंदाजाने बोलला असेल. कंडक्टर चुकला असेल, रिक्षावाल्याला यायचंच नसेल. एकेकाचं उत्तर मी देऊ शकते. सगळ्यांचं एकत्र देता येत नाही, अजूनही.

घरी आलो तर नारळ देवापुढे तसाच. "चौथो येवचो आसा," बाबा म्हणाले.

दिगू हॉस्पिटलातून सुटला तो आधी आमच्याकडे आला. मी बाबांना बाजूला घेऊन विचारलं, त्या नाव घेण्याने नक्की काय केलं – त्याला तिकडे ओढून नेलं की वाचवलं?

"माका काय म्हायत, बाय? नेल्यान ता खरा. पण हाडल्यानय."

मग बाबा देवापुढे उभे राहिले. "बा देवा म्हाराजा, चार लेकरां सांगितलंय, चारय घराक पावली..."

त्यांचं वाक्य संपायच्या आत मी ओरडले, "होय म्हाराजा!"