कोपराला लावलेला हात

युरोपातल्या एका क्लबकडून खेळणारा एक कोरियन फुटबॉलपटू मला फार आवडतो. काल संध्याकाळी टीव्हीवर त्याची मॅच होती. दोन गोल करून तो बाहेर आला तेव्हा सगळं स्टेडियम उभं राहिलं, आणि हा पाण्याची बाटली देणाऱ्या म्हाताऱ्या कर्मचाऱ्यापुढे किंचित वाकला. उजव्या हातानं बाटली घेताना त्यानं डावा हात कोपराला लावला.

"अगंबाई, तीर्थ घेतोय की काय!" मेथी निवडत बसलेली बायको म्हणाली.

कोरियात मोठ्यांकडून काही घ्यायची हीच रीत, मी तिला सांगितलं. मिसरूड फुटायच्या आत घर सोडून युरोपात गेलेला हा माणूस आता तिकडची भाषा तिकडच्यासारखीच बोलतो. हातांना आईनं लावलेलं वळण मात्र सुटलेलं नाही. परदेशात माणसाचे हात बहुधा सगळ्यात शेवटी परके होत असावेत.

आमची मुलगी जर्मनीला जाऊन दोन वर्षं झाली. ती बदलेल या धास्तीनं बायको तिच्या प्रत्येक फोननंतर ‘पूर्वीसारखीच बोलली ना?’ असं मला विचारते. फुटबॉल म्हटलं की नाकच मुरडते. काल मात्र हातातली जुडी तशीच धरून तिनं विचारलं, "अहो, ह्याची पुढची मॅच कधी आहे?"